नववीतच उशीर झाला का?

एका तालुक्याच्या गावातून एका आईने पाठवलेल्या पत्राचा हा सारांश आहे. त्यांची मुलगी अनुदानित शाळेत, सेमी-इंग्रजी माध्यमात नववीत शिकते. आठवीला तिला ८१ टक्के गुण मिळाले होते, पण नववीच्या पहिल्या घटक चाचणीत गणितात २० पैकी ९ गुण पडले आणि त्यानंतर तिने उत्तरपत्रिका घरी दाखवणेच बंद केले आहे. तिला चित्रकलेची मनापासून आवड असून यंदा ती त्याच विषयातल्या इंटरमिजिएट परीक्षेला बसणार आहे. मोठेपणी काय व्हायचे, हे तिचे ठरलेले नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी एका खासगी शिकवणीची नववी-दहावीची फाउंडेशन बॅच, म्हणजे बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षांची आतापासूनच तयारी, सुरू झाली आहे. दोन वर्षांची फी १,४०,००० रुपये, अंतर ३२ किलोमीटर, आणि वेळ गाठायची तर आठवड्यातून चार दिवस शाळेचे शेवटचे दोन तास सोडून एसटीने निघावे लागेल. परत यायला रात्रीचे साडेनऊ होतील. फीसाठी मुलीच्या महाविद्यालयाकरिता ठेवलेली मुदत ठेव मोडावी लागणार आहे. बाईंचा पुण्यातला भाचा सातवीपासून अशा वर्गाला जातो. यजमानांचे म्हणणे असे की आता हे केले, तर दहावीनंतर मुलीला प्रवेश परीक्षांच्या शिकवणीसाठी राजस्थानातल्या कोट्याला पाठवता येईल. बाई विचारतात: 'महिनाअखेरीस पहिला हप्ता भरायचा आहे. आधीच उशीर झाला आहे, असे सगळे म्हणतात. भरू का?'

ताई,

तुमच्या पत्रात 'उशीर' हा शब्द पाच वेळा आला आहे. दुसऱ्यांदा वाचताना मी तो मुद्दाम मोजला, कारण फी, एसटी, भाचा, कोटा ही सगळी काळजी त्या एका शब्दाभोवती गोळा झालेली मला दिसली. म्हणून आधी तोच शब्द तपासू. उशीर नेमका कशाला होतो आहे?

वैद्यकीय प्रवेशाची नीट ही परीक्षा भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र यांच्या अकरावी-बारावीच्या अभ्यासक्रमावर होते. अभियांत्रिकी प्रवेशाच्या जेईई मेनचा अभ्यासक्रमही त्याच दोन वर्षांचा आहे. आपल्या राज्याच्या एमएचटी-सीईटी या प्रवेश परीक्षेत तर साधारण ८० टक्के भर बारावीवर आणि २० टक्के अकरावीवर असतो. म्हणजे या परीक्षांसाठी जे शिकायचे आहे, ते तुमच्या मुलीला शिकवायला अजून कोणी सुरुवातच केलेली नाही आणि नववीत ते शिकवायचे कारणही नाही. तरीही नववीला महत्त्व नाही असे मी म्हणणार नाही. अकरावीचा जवळजवळ प्रत्येक अवघड धडा आठवी ते दहावीच्या एखाद्या साध्या धड्यावर उभा असतो. नववीच्या विज्ञानातले 'द्रव्याचे मोजमाप' हे प्रकरण ज्याला नीट कळले नाही, त्याला अकरावीच्या रसायनशास्त्रात मोलची गणिते आली की घाम फुटतो. त्रिकोणमितीची गुणोत्तरे केवळ पाठ केलेली असतील, तर बलाचे दोन दिशांना घटक पाडताना साइन कुठे आणि कोसाइन कुठे, याचा गोंधळ बारावी संपेपर्यंत सुटत नाही. तेव्हा नववीत जपायची गोष्ट हा पाया आहे.

मी बरीच वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत होते. एका वर्षी अकरावीतली एक मुलगी गतीच्या समीकरणांपाशी अडली आणि मधल्या सुटीत माझ्याकडे येऊन म्हणाली, 'मॅडम, मला फिजिक्स जमणारच नाही, मी आर्ट्सला जाते.' मी तिला गणित समजावून सांगायला लावले. गाडी कशी चालली आहे, वेग का वाढतो आहे, काय दिले आहे, काय काढायचे आहे, हे तिने अगदी स्वच्छ सांगितले. सूत्रही बरोबर लिहिले. फक्त त्या सूत्रातली वेळ एका बाजूला एकटी आणायची, तिथे तिचा हात थांबला. तिला भौतिकशास्त्र उत्तम कळत होते. राहून गेले होते ते आठवीतले समीकरण सोडवणे. दोन आठवडे आम्ही रोज वीस मिनिटे बसलो आणि विषय बदलण्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही. तिच्यासारख्या मुलांची आठवण मला आजही होते, कारण त्यांतल्या काहींपर्यंत मी वेळेत पोहोचू शकले नाही, आणि अडचण एका विषयाची असताना त्यांनी सगळे क्षेत्रच सोडून दिले.

हे मी तुम्हांला का सांगते आहे, हे तुमच्या लक्षात आले असेल. वीसपैकी नऊ हा आकडा तुम्हांला 'फाउंडेशन लावायला हवे' असे सांगतो आहे. मला तो 'कुठे अडले ते शोधायला हवे' असे सांगतो. तुमची मुलगी ज्या बॅचला जाणार, तिथे पहिल्याच आठवड्यात शाळेच्या पुढचा भाग सुरू होईल. ज्या मुलीचे मागचे काही राहिले आहे, तिला पुढचे अधिक वेगाने शिकवल्याने मागचे भरून निघत नाही. उलट वर्गातल्या पन्नास मुलांसमोर आपल्यालाच येत नाही, ही भावना पक्की होते, आणि ती मनात बसली की कोणत्याही शिक्षकाला काढून टाकणे फार जड जाते.

पण शोध घ्यायचा तर उत्तरपत्रिका हातात हवी, आणि ती तर मुलगी दाखवत नाही. तुमच्या पत्रात ही ओळ अगदी शेवटी, जाता जाता आली आहे. मला मात्र सगळ्यात अधिक अस्वस्थ तिनेच केले. चौदा वर्षांची मुलगी पेपर लपवते, तेव्हा बहुधा ती आळशीपणा झाकत नसते. आपल्या गुणांवरून घरात काय काय ठरते, हे तिने पाहिलेले असते. नऊ गुण पडले आणि आठवड्याभरात घरात ठेव मोडण्याची, चित्रकलेचा तास सोडण्याची, कोट्याची भाषा सुरू झाली. मग पुढचा पेपर तिने कशाला दाखवावा? हा दोष मी तुमच्यावर ठेवत नाही. काळजी असलेल्या प्रत्येक घरात असेच होते. तरी पहिले पाऊल तुम्हांलाच टाकावे लागेल, आणि त्यात यजमानांना सोबत घ्यावे लागेल.

एखाद्या रविवारी सकाळी, घाई नसताना, तिला सांगा की फीचा निर्णय तुझ्याशी बोलल्याशिवाय होणार नाही. हे वाक्य आधी, आणि पेपराचा विषय नंतर. हा क्रम मोडू नका. मग तिला म्हणा, 'गुण किती ते मला बघायचे नाही, मला तू कुठे थांबलीस ते बघायचे आहे.' तुम्हांला गणित येत नसले तरी चालेल, किंबहुना न आलेलेच बरे, कारण मग तुम्ही खरोखर विचाराल आणि ती खरोखर सांगेल. चुकलेले एकेक उदाहरण तिने तुम्हांला मोठ्याने समजावून द्यायचे. जिथे तिचे 'म्हणून' अडखळेल, तिथे पेन्सिलने खूण करा. चार-पाच उदाहरणांनंतर खुणा एकाच जागी जमू लागतात, हा माझा अनुभव आहे: कोणाच्या ऋण चिन्हापाशी, कोणाच्या अपूर्णांकांच्या भागाकारापाशी, कोणाच्या अवयव पाडण्यापाशी, कोणाच्या शाब्दिक उदाहरणाचे समीकरण मांडण्यापाशी. नववीच्या बीजगणितातली बहुपदी, गुणोत्तर व प्रमाण आणि दोन चलांतील रेषीय समीकरणे ही तीन प्रकरणे जरा अधिक बारकाईने पाहा. दहावीचे बरेचसे बीजगणित त्यांच्यावर चढते. खूण सापडली की त्या घटकाचे सहावी, सातवी किंवा आठवीचे पुस्तक काढा. बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. नववीतल्या मुलीला सहावीचे पुस्तक उघडायला लाज वाटते, म्हणून हे काम शांतपणे आणि घरच्या घरी व्हावे. शाळेतल्या गणिताच्या शिक्षकांना ही खुणांची वही नेऊन दाखवा. 'मुलगी गणितात कच्ची आहे' असे सांगणाऱ्या पालकाला शिक्षक 'सराव वाढवा' एवढेच म्हणू शकतात. 'ऋण संख्या कंसाबाहेर काढताना चिन्ह चुकते' असे सांगणाऱ्या पालकासाठी ते दहा मिनिटे काढतात.

आता त्या बॅचविषयी. फाउंडेशनचे सगळेच वर्ग वाईट असतात असे माझे मत नाही. ज्या मुलाला शाळेचे गणित फार सोपे वाटते, ज्याला कोडी सोडवल्याशिवाय चैन पडत नाही आणि ज्याच्या घराजवळ चांगला शिक्षक आहे, त्याला असा वर्ग आनंद देतो. तुमचा भाचा कदाचित तसा असेल. त्याच्या घरापासून वर्ग किती अंतरावर आहे, तो तिथून आल्यावर किती वाजता झोपतो, आणि त्याला ते आवडते का, हे तुमच्या पत्रात नाही. तुम्हांला तरी ते ठाऊक आहे का, हे एकदा मनाशी पाहा. आपण दुसऱ्याच्या मुलाचा वर्ग पाहतो, त्याचा दिवस पाहत नाही.

तुमच्या मुलीचा दिवस मात्र मी तुमच्याच पत्रावरून मांडून पाहिला. साडेतीनला शाळेतून निघायचे, स्टँडवर थांबायचे, बत्तीस किलोमीटर जायचे, अडीच तास शिकायचे, पुन्हा तेवढेच अंतर यायचे, साडेनऊला जेवायचे आणि त्यानंतर शाळेचा गृहपाठ. आठवड्यातून चार दिवस हे करायचे तर झोपेतून किंवा शाळेतून वेळ काढावा लागेल. तुमच्या शाळेत ते शेवटचे दोन तास चित्रकलेचे आणि खेळाचे आहेत, म्हणून ते सोडणे सोपे वाटते आहे. मला ते पटत नाही.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये खासगी शिकवणी वर्गांसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, ती या ठिकाणी तुमच्या उपयोगाची आहेत. १६ वर्षांखालील विद्यार्थ्यांना प्रवेश देऊ नये, माध्यमिक शालान्त परीक्षेनंतरच प्रवेश द्यावा, शाळा-महाविद्यालयाच्या वेळेत वर्ग भरवू नयेत, गुणांची किंवा क्रमांकाची हमी देऊ नये, आणि विद्यार्थ्याने मध्येच वर्ग सोडला तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, असे त्यांत म्हटले आहे. ती अमलात आणणे राज्यांवर सोपवलेले असल्यामुळे प्रत्यक्षात अनेक ठिकाणी आठवीची मुलेही बसलेली दिसतात. तरी तुम्ही वर्गात जाऊन हे विचारायला काहीच हरकत नाही: मुलगी चौदा वर्षांची आहे, प्रवेश कोणत्या नावाने देणार? शाळेचे तास बुडतात, त्याचे काय? दिवाळीत सोडले तर किती पैसे परत मिळतील, ते पावतीवर लिहून द्याल का? नववीला प्रत्यक्ष कोण शिकवणार, आणि जाहिरातीत ज्यांचे नाव आहे तेच शिकवणार का? मागच्या नववीच्या बॅचमधली किती मुले दहावीपर्यंत टिकली? या प्रश्नांना सरळ उत्तरे देणारा वर्ग असेल, तर तो निदान प्रामाणिक आहे असे समजा. 'आज नोंदणी केली तरच सवलत' एवढेच उत्तर मिळाले, तर मग विचारायचे काही उरत नाही.

इंटरमिजिएटचा विचारही तुम्ही फार हलका केला आहे. कला संचालनालयाच्या या परीक्षेतल्या श्रेणीचे दहावीला वाढीव गुण मिळतात (ए श्रेणीला ७, बी श्रेणीला ५, सी श्रेणीला ३). पण माझा मुद्दा त्या गुणांचा नाही. तुमच्या मुलीच्या बाबतीत एकच गोष्ट आज निश्चित ठाऊक आहे, ती म्हणजे तिला चित्र काढायला आवडते, आणि नेमकी तीच गोष्ट आपण तिच्या भविष्यासाठी म्हणून बाजूला ठेवायला निघालो आहोत. चित्रकलेतून पुढे जाण्याचे रस्ते घरात कोणी पाहिलेले नसतात, म्हणून ते नाहीतच असे वाटते. मुंबईतील सर ज. जी. कला महाविद्यालय १८५७ पासून उभे आहे आणि उपयोजित कला, चित्रकला, शिल्पकला यांच्या पदवीसाठी राज्याची स्वतंत्र प्रवेश परीक्षा होते. वस्तू, कापड, छापील मजकूर, पडद्यावरची चित्रे यांच्या रचनेचे शिक्षण देणाऱ्या संस्था देशभर आहेत. वास्तुकलेसाठी नाटा ही प्रवेश परीक्षा आहे, आणि तिथे बारावीला भौतिकशास्त्राबरोबर गणित असावेच लागते. चित्र आवडते म्हणून गणित सोडून दिलेल्या मुली नंतर या दारापाशी येऊन थांबतात, तेव्हा वाईट वाटते. तुमच्या मुलीला गणिताशी मैत्री करायला यापेक्षा खरे कारण तुम्ही देऊ शकणार नाही. 'नीटसाठी' हे कारण तिचे नाही, हे होऊ शकते.

कोणती दारे केव्हा बंद होतात, हे पालकांनी एकदा नीट पाहून ठेवावे असे मला वाटते, कारण 'उशीर' हा शब्द तिथे खरा ठरतो. नववीत कोणतेही दार बंद होत नाही. पहिले खरे वळण दहावीनंतरचे. अकरावीचा प्रवेश २०२५-२६ पासून सगळ्या राज्यात केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने आणि दहावीच्या गुणांवर होतो. तिथे विज्ञान शाखा घेऊन गणित सोडले, तर अभियांत्रिकी आणि वास्तुकला दूर जातात. जीवशास्त्र सोडले, तर वैद्यकीय शाखा जातात. मन ठरत नसेल तर दोन्ही विषय घेता येतात. ओझे वाढते, पण दोन वर्षे विचाराला मिळतात. दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका करून पुढे अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. हाताने काम करून शिकणाऱ्या मुलांसाठी हा मार्ग मला नेहमीच चांगला वाटत आला आहे. कायदा, वाणिज्य, कृषी, मूलभूत विज्ञान यांचे प्रवेशही बारावीच्या आसपासच ठरतात, आणि कायद्यासाठी किंवा सनदी लेखापालाच्या परीक्षेसाठी विज्ञान शाखेची अटही नाही.

कोट्याविषयी यजमानांशी बोलताना एक गोष्ट त्यांच्यासमोर जरूर ठेवा. राज्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या ८५ टक्के जागा राज्याच्या स्वतःच्या वाट्याच्या (स्टेट कोटा) असतात, आणि त्यांच्या पात्रतेसाठी अधिवासाबरोबरच दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातून उत्तीर्ण असाव्या लागतात. यातले अपवाद मोजके आहेत, सरकारी नोकरीतील बदलीसारखे. म्हणजे तिची बारावी राजस्थानात झाली, तर ज्या जागांसाठी हा खटाटोप, त्यांतल्याच बहुतेक जागांवरचा तिचा हक्क जाईल. ही अडचण चुकवण्यासाठी नाव इथल्या कनिष्ठ महाविद्यालयात आणि मुलगी तिथल्या खोलीत, अशी व्यवस्था अनेक जण सुचवतील. ७५ टक्के उपस्थितीचा नियम कागदोपत्री पाळायचा आणि सतरा वर्षांच्या मुलीचा रोजचा दिवस खोटा नोंदवायचा, याला मी कधीही होकार देणार नाही. शिवाय नीटला दरवर्षी वीस लाखांहून अधिक विद्यार्थी बसतात. देशातल्या एमबीबीएसच्या सगळ्या जागा, सरकारी आणि खासगी मिळून, त्यांच्या मानाने फारच थोड्या आहेत. हे सांगून मला तुम्हांला घाबरवायचे नाही. पण ज्या वाटेवर बहुतेकांना जागा मिळत नाही, ती वाट मुलीने स्वतः निवडलेली असावी, एवढा आग्रह तरी आपण धरायलाच हवा.

पैशांचे सांगते. ती ठेव मोडू नका. महाविद्यालयाचा खर्च प्रवेशाच्या वेळी एकदम अंगावर येतो: वसतिगृह, अनामत, पुस्तके, जाणे-येणे. शिक्षण शुल्काचा भार मात्र काही मुलींसाठी कमी झाला आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातील, ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास, शिक्षण व परीक्षा शुल्काची शंभर टक्के प्रतिपूर्ती मिळते. तुमचे कुटुंब यात बसते का, ते तपासा. ज्या वाचकांची मुले सातवी-आठवीत आहेत, त्यांनी एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेकडे लक्ष द्यावे. सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील, साडेतीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुले आठवीत तिला बसू शकतात, आणि निवड झाल्यास नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. तुमच्या मुलीची ती वेळ गेली, पण तुमच्या शेजारच्या एखाद्या मुलाची अजून गेली नसेल.

कागदपत्रांकडेही आत्ताच पाहून घ्या. प्रवेशाच्या काळात मी पालकांना सर्वाधिक रडताना पाहिले आहे ते कमी गुणांमुळे नव्हे, एका वेलांटीमुळे. शाळेच्या जनरल रजिस्टरमधले नाव, आधार कार्डावरचे नाव आणि जन्मतारीख जुळते का, हे मुख्याध्यापकांच्या कार्यालयात जाऊन पाहा. मुलगी शाळेत आहे तोवर दुरुस्ती सोपी असते, शाळा सोडल्यावर फार अवघड. राखीव प्रवर्गातील पालकांनी जातीचा दाखला आणि वडील-आजोबांच्या शाळेच्या जुन्या नोंदी दहावीपूर्वीच गोळा कराव्यात, म्हणजे अकरावी-बारावीत जात पडताळणीचा अर्ज करताना धावपळ होत नाही.

मग नववीत तिने करायचे काय? एसटीचा वेळ वाचला, तर रोज एक तास मोकळा मिळतो. त्यातला अर्धा तास खुणांच्या वहीतल्या गणिताला द्या, त्याहून जास्त नको. उरलेल्या वेळात वाचन व्हावे, आणि ते इंग्रजीतही व्हावे. सेमी-इंग्रजीच्या मुलांना विज्ञानाच्या संज्ञा इंग्रजीत येतात, पण अकरावीच्या पुस्तकात लांबलचक परिच्छेद समोर आले की ती बिचकतात. विज्ञानाच्या पुस्तकातल्या दहा ओळी वाचून त्याच मराठीत आपल्या शब्दांत लिहायच्या, आणि दुसऱ्या दिवशी ते मराठी पाहून पुन्हा इंग्रजीत; वर्षभर हे केले तर अकरावीत भाषेची भिंत लागत नाही. नीट आणि जेईई मेन मराठीतूनही देता येतात, ही सोय चांगलीच आहे, पण पुढच्या महाविद्यालयातली पुस्तके बहुतांशी इंग्रजीत असतात.

गणितासाठी माणसाची मदत लागलीच, तर गावातच पाच-सहा मुलांना शिकवणारे एखादे निवृत्त शिक्षक शोधा, आणि फक्त गणितासाठी, फक्त सहा महिन्यांसाठी ठरवा. विज्ञानात तिला रस वाटू लागला, तर बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाची होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा सहावीप्रमाणे नववीच्या मुलांसाठीही असते. तिच्यात लेखी परीक्षेच्या पुढे प्रात्यक्षिक आणि प्रकल्प असल्यामुळे मुलाला प्रयोग करायला खरेच आवडते का, ते कळते. पण तिने 'हो' म्हटले तरच.

तिने या सगळ्यावर 'मला तो क्लास लावायचाच आहे' असे उत्तर दिले, तर तेही खरे मानून चाला. अशा वेळी पूर्ण फी न भरता उन्हाळ्याच्या सुटीतला एखादा छोटा वर्ग करून पाहा, आणि शाळा सुरू होण्यापूर्वी तिलाच विचारा.

महिनाअखेरीचा हप्ता भरू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. वर्गाला फोन करून 'दहावीनंतर विचार करू' एवढे कळवले तरी पुरे. येत्या रविवारी वही घेऊन बसा, आणि खुणा कोणत्या प्रकरणापाशी जमल्या ते मला जरूर लिहा. इंटरमिजिएटसाठी ती काय काय काढून पाहते आहे, तेही कळवा.